रेंज पूर्ण, तरी नेट बंद: कोल्हापुरातील मोबाइल सिग्नलांचा व्यत्यय

मोबाइल नेटवर्कची पाहणी आणि सुधारणा करण्याच्या कामात मी कोल्हापूर जिल्ह्यात अनेक वर्षे आहे. या काळात ग्राहकांच्या तक्रारींचे स्वरूप पार बदलले. पूर्वी लोक ‘आमच्याकडे रेंजच नाही’ असे सांगत. आता बहुतेकांचे म्हणणे ‘रेंज फुल्ल दाखवते, पण नेट चालत नाही’ किंवा ‘समोरच्याचा आवाज येतो, आमचा जात नाही’ असे असते. तक्रार बदलली, तरी लोकांच्या मनातला उपाय जुनाच राहिला आहे: आणखी एक टॉवर उभारा, नाही तर आहे त्याची पॉवर वाढवा. दाट वस्तीच्या शहरात या दोन्ही उपायांनी दुखणे कमी होण्याऐवजी वाढते, असा माझा अनुभव आहे. अशा ठिकाणी नेटवर्क सुधारायचे, तर प्रत्येक अँटेनाला तिच्या हद्दीत ठेवावे लागते, आणि हे काम नवा टॉवर उभारण्यापेक्षा पुष्कळदा अवघड असते. एका बाजूला पन्हाळा-जोतिबाचे डोंगर, ऐन शहरात रंकाळ्याचे मोकळे पाणी आणि दक्षिणेला हाकेच्या अंतरावर कर्नाटकाची सीमा अशी रचना असलेल्या कोल्हापुरात ही गोष्ट फार स्पष्टपणे पाहायला मिळते, म्हणून ती सविस्तर लिहावीशी वाटली.

मोबाइलच्या पडद्यावरील दांड्या प्रामुख्याने सिग्नलची ताकद दाखवतात. फोरजीमध्ये ही ताकद आरएसआरपी नावाच्या मापाने, डीबीएम या एककात मोजतात. उणे ८० च्या आसपासचा आकडा उत्तम समजला जातो आणि उणे ११० च्या खाली गेले की फोनची धडपड सुरू होते. परंतु तुमचे नेट किती वेगाने चालेल हे ठरवणारे माप वेगळे आहे. हव्या असलेल्या सिग्नलची ताकद, आणि त्याच वेळी त्याच फ्रिक्वेन्सीवर येऊन पडणाऱ्या इतर सगळ्या सिग्नलांची व नैसर्गिक गोंगाटाची एकत्रित ताकद, या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे एसआयएनआर. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या सूत्रानुसार ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातून जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक पाठवता येईल, हे या गुणोत्तरावर अवलंबून असते. १० मेगाहर्ट्झचा पट्टा असेल आणि एसआयएनआर शून्य डेसिबल, म्हणजे हवा तेवढाच नकोसा सिग्नल असेल, तर एका प्रवाहातून सेकंदाला १० मेगाबिट ही कमाल मर्यादा होते. तेच गुणोत्तर २० डेसिबल, म्हणजे शंभरपट असेल तर ती मर्यादा ६६ मेगाबिटांवर जाते. दोन्ही ठिकाणी फोनवरच्या दांड्या मात्र अगदी सारख्याच दिसू शकतात.

हा व्यत्यय कोणाच्या हलगर्जीपणामुळेच निर्माण होतो असे नाही, कारण मोबाइलची मूळ कल्पनाच फ्रिक्वेन्सीच्या पुनर्वापरावर उभी आहे. बेल लॅब्जमधील डग्लस रिंग यांनी १९४७ च्या डिसेंबरात लिहिलेल्या टिपणात प्रदेशाची षटकोनी भागांत विभागणी करून, पुरेशा अंतरावर तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरण्याची योजना मांडली होती. टूजीच्या काळात आम्ही याच पद्धतीने काम करत असू. २०० किलोहर्ट्झच्या वाहिन्या शेजारच्या टॉवरांना वेगवेगळ्या वाटून द्यायच्या आणि एकच वाहिनी दोन टॉवरांना द्यायची वेळ आली, तर त्यांच्यात शक्य तेवढे अंतर ठेवायचे, हे नियोजन अक्षरशः नकाशावर रंग भरून केले जाई. फोरजीमध्ये ही सोय संपली. स्पेक्ट्रम इतका महाग आणि डेटाची भूक इतकी मोठी, की प्रत्येक टॉवरचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे एका दिशेला तोंड केलेल्या अँटेनाचा भाग, उपलब्ध असलेला सगळा पट्टा वापरतो. याचा अर्थ असा, की राजारामपुरीतील टॉवरचा शाहूपुरीतील टॉवरला होणारा त्रास टाळण्यासाठी आता फ्रिक्वेन्सीचे अंतर शिल्लक नाही. अँटेना कोणत्या दिशेला आहे, किती उंचीवर आहे आणि किती खाली झुकलेली आहे, यावरच भिस्त राहते.

रंकाळ्याच्या काठावर ड्राइव्ह टेस्ट केली की याचा अर्थ डोळ्यांना दिसतो. ड्राइव्ह टेस्ट म्हणजे गाडीतून किंवा पायी फिरत, खास सॉफ्टवेअर असलेल्या फोनने पावलोपावली मोजमाप नोंदवणे. शहराच्या आत इमारती एकमेकींच्या आड येतात आणि दूरच्या टॉवरचा सिग्नल वाटेतच क्षीण होतो. रंकाळ्यावर आड येणारे काहीच नाही. पैलतीरावरच्या अँटेनांचे सिग्नल पाण्यावरून सरळ येऊन पोहोचतात. सायंकाळी चौपाटीवर उभे राहिले, की लॅपटॉपच्या पडद्यावर सेक्टरांची यादी उमटते: फोन ज्याला जोडलेला आहे त्याचा आकडा उणे ८२, त्याखाली उणे ८४, मग उणे ८५, पुन्हा उणे ८५. चारही सेक्टर उत्तम ताकदीचे आहेत आणि त्यामुळेच चारही मिळून कामाचे राहत नाहीत. बाकीचे तीन पूर्ण भाराने चालू असतील, तर हिशेबाने एसआयएनआर उणे २ डेसिबल येतो. फोन कधी याला धरतो, कधी त्याला; दोन पावले चालले की जोडलेला सेक्टर बदलतो. भेळ खात व्हिडिओ कॉल करू पाहणाऱ्या माणसाला दांड्या पूर्ण दिसतात आणि चित्र गोठलेले असते.

अशा ठिकाणी पाचवा टॉवर आणला, तर यादीत पाचवी ओळ वाढण्यापलीकडे फारसे काही साधत नाही. उपाय असा, की या भागाची जबाबदारी एका सेक्टरवर, फार तर दोघांवर सोपवायची आणि बाकीच्यांना पाण्यावरून मागे घ्यायचे. वरच्या उदाहरणातील तीन परक्या सेक्टरांचा सिग्नल १० डेसिबलने खाली आणला, तर एसआयएनआर उणे २ वरून जवळपास अधिक ८ वर जातो आणि शॅननच्या सूत्राने वेगाची मर्यादा चौपट होते. मुख्य सेक्टरची ताकद आपण एका डेसिबलनेही वाढवलेली नसते. मला स्वतःला या कामातील सर्वांत समाधानाचा भाग हाच वाटतो, कारण यात नवे काही विकत घ्यावे लागत नाही, केवळ असलेल्या गोष्टींची नीट मांडणी करावी लागते.

मागे घेणे म्हणजे प्रामुख्याने टिल्ट, म्हणजे झोताचा खाली झुकाव, वाढवणे. ३० मीटर उंचीवरील अँटेना २ अंश झुकलेली असेल, तर तिच्या मुख्य झोताचा मध्य सुमारे ८६० मीटरवर जमिनीला टेकतो. ४ अंशांवर तो ४३० मीटरवर आणि ८ अंशांवर २१० मीटरच्या आसपास येतो. टिल्टचे दोन प्रकार आहेत. मेकॅनिकल टिल्टमध्ये रिगर, म्हणजे टॉवरवर काम करणारा कामगार, वर चढून, ब्रॅकेट सैल करून अख्खी अँटेना पुढे झुकवतो. यात समोरचा झोत खाली जातो खरा, पण दोन्ही कुशींचा भाग जागच्या जागी राहतो आणि पाठीमागचा झोत उलट वर उचलला जातो. इलेक्ट्रिकल टिल्टमध्ये अँटेना सरळच राहते आणि आतल्या घटकांना मिळणाऱ्या सिग्नलांच्या कलांमध्ये (फेजमध्ये) फरक करून झोत सर्व दिशांनी सारखा खाली आणला जातो. आता हे काम बहुतेक ठिकाणी कार्यालयात बसूनही करता येते. दाट वस्तीत आधी इलेक्ट्रिकल टिल्ट पुरता वापरावा आणि मगच मेकॅनिकलला हात लावावा, असे माझे मत आहे.

डोंगरांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. पन्हाळा कोल्हापूर शहरापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे आणि सरळ रेषेत अंतर साधारण १७ किलोमीटर. त्रिकोणमितीने पाहिले, तर गडाच्या काठावरून शहर क्षितिजाच्या खाली दीड अंशाहूनही कमी कोनात दिसते. साध्या सेक्टर अँटेनाच्या झोताची उभी रुंदीच ६ ते १० अंश असते. त्यामुळे गडावरच्या पर्यटकांसाठी आणि पायथ्याच्या गावांसाठी बसवलेली, शहराकडे तोंड असलेली अँटेना थोडी जरी सैल सोडली, तरी तिचा सिग्नल थेट शहरातल्या उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर येऊन आदळतो. जोतिबाचा डोंगर तर आणखी जवळ आहे. आमच्या भाषेत याला ओव्हरशूटिंग म्हणतात. ताराबाई पार्कातल्या सहाव्या मजल्यावरचा फोन शेजारच्या गल्लीतील टॉवर सोडून डोंगरावरचा सेक्टर धरतो, आणि कॉल सुरू असताना माणूस जिन्याने खाली आला की डोंगर दिसेनासा होतो. चालू कॉल शेजारच्या टॉवरकडे सोपवण्याची, म्हणजे हँडओव्हरची, नोंद नसेल, तर कॉल तुटतो.

यावर ‘मग अँटेना आणखी खाली झुकवा’ असे सांगणे सोपे आहे. पण असा प्रत्येक निर्णय घेण्यापूर्वी त्या सांडलेल्या सिग्नलावर कोण जगत आहे, हे पाहणे मी आवश्यक मानतो. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत अशा वाड्यावस्त्या आहेत, जिथे स्वतःचा टॉवर नाही आणि कुठल्या तरी डोंगरावरून चुकून येणारा उणे ११२ चा सिग्नल हाच त्यांचा आधार असतो. एखाद्या आजीला रात्री दवाखान्यात न्यायचे असेल, तर गाडी बोलवायला तेवढा सिग्नल पुरतो. नकाशावर तो ‘ओव्हरशूट’ म्हणून लाल रंगात दिसतो आणि शहराचे आकडे सुधारण्याच्या घाईत तो काढून टाकला, तर त्या वस्तीची तक्रार नोंदवायलाही फोन लागत नाही. म्हणून आधी त्या बाजूला जाऊन मोजमाप करावे, जवळच्या दुसऱ्या सेक्टरकडून भरपाई होते का ते पाहावे आणि मगच टिल्ट एकेका अंशाने वाढवावा. या शिस्तीला वेळ लागतो, पण तिला पर्याय नाही.

टिल्ट आणि दिशा जागेवर आल्यानंतर काही कामे केवळ आकडे बदलून होतात. फोरजीमध्ये प्रत्येक सेलला, म्हणजे एका सेक्टरने व्यापलेल्या क्षेत्राला, ० ते ५०३ पैकी एक ओळख क्रमांक (पीसीआय) दिलेला असतो. या क्रमांकाला ३ ने भागून उरणारी बाकी दोन शेजारी सेलांची सारखी आली, तर फोनने मोजमाप घेण्यासाठी दोन्ही सेल जे संदर्भ सिग्नल पाठवतात, ते एकमेकांवर पडतात आणि नेटवर्क रिकामे असतानाही दर्जा खराब दिसतो. ४५ आणि ३१२ हे क्रमांक दिसायला कितीही दूरचे असले, तरी दोघांचीही बाकी शून्यच. फाइव्हजीमध्ये क्रमांक दुप्पट, म्हणजे १००८ झाले. नियोजनाची गरज मात्र टळलेली नाही.

याशिवाय शेजारी सेलांनी आपसांत बोलून व्यत्यय टाळण्याची तंत्रेही मानकांत आहेत. नदीवरच्या पाणीपुरवठा संस्थेत जशी शेतांना पाळी ठरवून दिलेली असते आणि एकाच्या पाळीत दुसऱ्याने दार उघडायचे नसते, तसेच येथे दोन सेलांच्या सीमेवरच्या ग्राहकांसाठी कोणी पट्ट्याचा कोणता भाग, किंवा कोणते मिलिसेकंद वापरायचे, हे ठरवून घेता येते. मोठा सेल काही ठरावीक मिलिसेकंदांत (सबफ्रेममध्ये) जवळजवळ गप्प बसतो, आणि त्या वेळात त्याच्या छायेतला छोटा सेल आपल्या काठावरच्या फोनशी बोलून घेतो. ही तंत्रे उपयुक्त आहेत, पण अँटेना चुकीच्या दिशेला असेल तर ती ते दुखणे बरे करू शकत नाहीत. सॉफ्टवेअरवर विसंबून टॉवरवर चढणे टाळण्याची वृत्ती आमच्या क्षेत्रात वाढत आहे आणि मला ती घातक वाटते.

आतापर्यंत टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या सिग्नलाविषयी लिहिले. फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलाची कथा वेगळी आहे आणि ‘आमचा आवाज जात नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा तिथे सापडते. टॉवर २० किंवा ४० वॅटने बोलतो. फोरजीचा फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅटने. एवढा क्षीण आवाज ऐकण्यासाठी टॉवरचा रिसीव्हर अत्यंत संवेदनशील ठेवावा लागतो. १८० किलोहर्ट्झच्या एका तुकड्यात (रिसोर्स ब्लॉकमध्ये) नैसर्गिक गोंगाट उणे १२१ डीबीएम असतो, आणि रिसीव्हरचा स्वतःचा दोष धरून निरोगी सेलमध्ये उणे ११८-११९ दिसतो. हाच आकडा उणे १०० वर चढला, तर हिशेबाने शहरी परिस्थितीत एक किलोमीटरचा पल्ला तीनशे मीटरच्या आत येतो. ग्राहकाला मात्र टॉवरचा सिग्नल पूर्वीसारखाच मिळत असल्यामुळे त्याच्या दांड्या पूर्ण असतात.

हा गोंगाट वाढण्याचे एक मोठे कारण टॉवरवरच असते. त्याचे नाव पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशन, आमच्या बोलण्यात नुसते ‘पिम’. दोन ताकदवान फ्रिक्वेन्सी एखाद्या सैल किंवा गंजलेल्या धातूच्या जोडातून गेल्या, की तो जोड त्यांच्या मिश्रणातून नव्या फ्रिक्वेन्सी निर्माण करतो. ९०० च्या बँडमध्ये आपल्याकडे टॉवर ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झवर बोलतो आणि ८९० ते ९१५ वर ऐकतो. समजा, एकाच अँटेनातून ९३५ आणि ९६० असे दोन वाहक, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या लहरी, जात आहेत. पहिल्याची दुप्पट १८७०. त्यातून ९६० वजा केले की ९१० उरतात, आणि ९१० म्हणजे बरोबर टॉवरचा ऐकण्याचा पट्टा. टॉवर अशा वेळी स्वतःच्याच बोलण्याने बहिरा होतो. पिमची चाचणी करताना २० वॅटचे दोन वाहक सोडून परत येणारे मिश्रण त्यांच्यापेक्षा १५० डेसिबलने खाली आहे का, हे पाहतात. १५० डेसिबल म्हणजे एकावर पंधरा शून्ये देऊन होणाऱ्या संख्येने भागलेली ताकद. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा दोषही येथे पुरेसा ठरतो.

जिल्ह्याच्या पश्चिमेला, गगनबावड्याच्या बाजूला, पाऊस चार महिने टॉवरला झोडपून काढतो. तिथल्या एका टॉवरवरचा कनेक्टर आमच्या रिगरने माझ्या हातात आणून दिला, तो मला अजून आठवतो. बाहेरून सील ठीक दिसत होते. टेप उलगडल्यावर आत हिरवट काजळी, मधल्या पिनेभोवती ओलाव्याचा गोल डाग आणि आट्यांमध्ये पितळेचा बारीक किस अडकलेला. “साहेब, हा पान्यानं अंदाजानं आवळलाय, टॉर्क रेंच लावलाच नाही,” एवढेच तो म्हणाला. अँटेनाकडे जाणाऱ्या जाड केबलच्या (फीडरच्या) या सेव्हन-सिक्स्टीन कनेक्टरला २५ ते ३० न्यूटन-मीटरचा टॉर्क लागतो. कमी पडला तर फट राहते, जास्त झाला तर आतली पिन दबते. जोड साफ करून, नवी जोडकेबल (जंपर) लावून, मापाने आवळून, पुन्हा सील केल्यावर त्या सेक्टरचा गोंगाट उणे १०३ वरून उणे ११७ वर उतरला. रिगरच्या कामाला आमच्या क्षेत्रात पुरेसा मान आणि पुरेसे प्रशिक्षण मिळत नाही, ही माझी जुनी खंत आहे. पन्नास मीटर उंचीवर वाऱ्यात उभे राहून नेमक्या मापाने जोड आवळणारा माणूस हा नेटवर्कच्या गुणवत्तेचा खरा राखणदार असतो.

पिम टॉवरच्या बाहेरही असू शकतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत अँटेनासमोरच एखाद्या कारखान्याचा गंजलेला पत्रा असतो. त्याचे सैल बोल्ट आणि एकमेकांवर घासणाऱ्या कडा हेच काम करतात. वारा सुटला की गोंगाटाचा आलेख थरथरतो, त्यावरून संशय येतो. पत्र्याच्या मालकाला बोल्ट बदलायला सांगणे नेहमी शक्य नसते. तेव्हा अँटेनाची जागा हलवणे किंवा तिची उंची बदलणे हाच मार्ग उरतो.

दुसरे मोठे कारण म्हणजे बेकायदा बूस्टर. तळघरातील दुकान, लॉजचा मागचा मजला, जाड भिंतींचा जुना वाडा, अशा ठिकाणी रेंज येत नाही आणि कोणीतरी स्वस्तातले यंत्र आणून बसवून देतो. छतावर एक अँटेना, आत एक अँटेना, मध्ये ॲम्प्लिफायर. हे यंत्र एका कंपनीचा सिग्नल निवडून वाढवत नाही. अख्खा पट्टा वाढवते, आणि त्यासोबत स्वतःचा गोंगाट अहोरात्र आसपासच्या टॉवरांवर ओतत राहते. बाहेरची आणि आतली अँटेना पुरेशा दूर नसतील, तर यंत्र स्वतःचाच सिग्नल पुन्हा ओढून घेऊ लागते आणि अखंड किंचाळत राहते. एका दुकानातले असे यंत्र अख्ख्या पेठेतील कॉल बिघडवू शकते. सगळ्याच कंपन्यांचे सेक्टर एकाच दिशेने बिघडलेले दिसले, तर बूस्टरचा संशय जवळजवळ पक्का होतो. वेळेवरूनही ओळख पटते: पिम असेल तर टॉवरवरील रहदारीबरोबर, म्हणजे सायंकाळी सात-आठनंतर गोंगाट चढतो आणि पहाटे उतरतो, बूस्टर असेल तर दुकान उघडल्यावर येतो, दुकान बंद झाल्यावर जातो, किंवा रात्रंदिवस सपाट राहतो.

शोध घेण्यासाठी आम्ही स्पेक्ट्रम ॲनालायझर आणि हातात धरायची, दिशा दाखवणारी यागी अँटेना घेऊन गल्लोगल्ली फिरतो. महाद्वार रोडच्या परिसरात तर भिंतींवरून परावर्तित होणारे सिग्नल दर वळणावर दिशा बदलून दाखवतात, म्हणून अधूनमधून एखाद्या गच्चीवर जाऊन पुन्हा दिशा घ्यावी लागते. यंत्र सापडल्यावर मालक बहुधा चकित होतो. “अहो साहेब, मी पैसे देऊन घेतलंय, चोरी केलीय व्हय?” असे मला एका वयस्क व्यापाऱ्यांनी विचारले होते, आणि त्यांचा राग खोटा नव्हता. परवान्याशिवाय असे यंत्र बाळगणे १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासूनच गुन्हा आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही परवानगीशिवाय रेडिओ उपकरण बाळगण्याला मोकळीक दिलेली नाही, हे विकणाऱ्याने त्यांना सांगितलेच नव्हते. दूरसंचार विभागाची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन अशा यंत्रांवर कारवाई करते. परंतु कारवाई करून निघून येणे मला पटत नाही, कारण त्या दुकानात रेंज नव्हती ही अडचणही तितकीच खरी असते. वाय-फाय कॉलिंग सुरू करून देणे हा तिथे सर्वांत सोपा उपाय. मोठी इमारत असेल, तर कंपनीकडून अधिकृत इनडोअर यंत्रणा बसवून घेता येते. त्या व्यापाऱ्यांच्या दुकानात वाय-फाय होतेच, फोनमधील एक बटण चालू करायचे राहिले होते.

कागलच्या पुढे कोगनोळीकडे जाताना आणखी एक प्रकार दिसतो. दूरसंचाराच्या नकाशावर देशाचे सर्कल नावाचे विभाग केलेले आहेत; कोल्हापूर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येते आणि निपाणी कर्नाटक सर्कलमध्ये. स्पेक्ट्रमचा लिलाव सर्कलनिहाय होतो, त्यामुळे सीमेच्या अलीकडे जो फ्रिक्वेन्सीचा तुकडा एका कंपनीकडे आहे, तोच पलीकडे दुसऱ्या कंपनीकडे असू शकतो. लहरींना सीमाप्रश्नाशी कर्तव्य नसते. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंच्या इंजिनिअरांनी सीमेकडे तोंड असलेल्या सेक्टरांची टिल्ट आणि पॉवर परस्परसंमतीने ठरवणे, हाच उपाय आहे. बँडच्या कडांवरही अशीच शेजारधर्माची कसोटी लागते. ८०० च्या बँडमध्ये टॉवर ८६९ ते ८८९ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि ९०० च्या बँडमध्ये ८९० पासून ऐकतात. मध्ये अवघ्या एका मेगाहर्ट्झची फट आहे. एकाच गच्चीवर दोन्ही बँड असतील, तर चांगले फिल्टर आणि दोन अँटेनांमधील उभे अंतर यात काटकसर करून चालत नाही.

फाइव्हजीने एक नवी अट आणली आहे. ३३०० मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये बोलणे आणि ऐकणे एकाच फ्रिक्वेन्सीवर, पण वेगवेगळ्या क्षणी होते. म्हणून शेजारच्या सर्व टॉवरांनी एकाच वेळी बोलावे आणि एकाच वेळी गप्प राहावे लागते. त्यांच्या घड्याळांतील फरक ३ मायक्रोसेकंदांच्या आत असावा लागतो. ही वेळ बहुतेक ठिकाणी उपग्रहांकडून, टॉवरवरच्या छोट्या जीपीएस अँटेनातून मिळते. तिची केबल उंदराने कुरतडली आणि टॉवरचे घड्याळ भरकटले, तर तो टॉवर इतरांच्या ऐकण्याच्या वेळी बोलू लागतो आणि आजूबाजूचे कितीतरी सेल एकदम कोलमडतात. दोष एका ठिकाणी आणि तक्रारी दहा ठिकाणांहून, असे झाले की मी आता प्रथम घड्याळे तपासतो.

वस्तीत टॉवर नको म्हणून होणाऱ्या विरोधाचाही येथे उल्लेख करायला हवा. लोकांच्या मनातील भीती मी हसण्यावारी नेत नाही. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, आणि ती पाळली जाते का हे विचारण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे. पण वस्तीतला कमी उंचीचा, कमी ताकदीचा टॉवर रद्द होतो, तेव्हा त्याची जागा गावाबाहेरच्या टेकडीवरचा उंच, मोठ्या ताकदीचा टॉवर घेतो. त्याचा सिग्नल दूरवर सांडतो, व्यत्यय वाढतो, आणि कानाला लावलेला फोन त्या दूरच्या टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी स्वतःची ताकद कमालीवर नेतो. व्यत्ययाच्या दृष्टीने पाहिले, तर छतांच्या उंचीवरचे, खाली झुकलेले, छोटे छोटे सेल हीच चांगली रचना आहे. चैत्रात जोतिबाच्या यात्रेसाठी चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणले जातात, तेव्हा त्यांच्या अँटेना मुद्दाम कमी उंचीवर, अरुंद झोताच्या ठेवाव्या लागतात, ते याचसाठी.

वाचकांपैकी कोणाला असा त्रास होत असेल, तर तक्रार करताना काही गोष्टी अवश्य लिहाव्यात. अँड्रॉइड फोनमध्ये ‘अबाउट फोन’मधील ‘सिम स्टेटस’मध्ये सिग्नलचा डीबीएम आकडा दिसतो, तो नोंदवावा. नेमके ठिकाण, मजला, आणि त्रास घरात होतो की बाहेरही, हे सांगावे. आपला आवाज जात नाही की समोरच्याचा येत नाही, हा फरक फार महत्त्वाचा आहे. शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनलाही तोच त्रास आहे का, हे विचारून पाहावे. आणि वेळ लिहावी. तक्रारीत ‘सायंकाळी सातनंतरच’, ‘दुकाने उघडल्यावर’ किंवा ‘पाऊस पडून गेला की’ एवढे जरी लिहिलेले असेल, तरी पिम तपासायचा, बूस्टर शोधायचा की कनेक्टर उघडायचा हे आम्हाला कार्यालयातच ठरवता येते, आणि रिगरला योग्य सामान देऊन पहिल्याच फेरीत नेमक्या टॉवरवर पाठवता येते.